गावात एवढी जलसंधारणाची कामं होऊनही फेब्रुवारीत टँकर का? आणि ८०० फूट बोअर घ्यावं की नको?

माळरान

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातलं गाव आहे, नाव सांगत नाही, सांगून काही फरकही पडत नाही कारण आसपासच्या दहा गावांची हीच गत आहे. लोकसंख्या दोन हजार, शिवार साधारण हजार हेक्टर. गेल्या सात-आठ वर्षांत गावात काय झालं नाही ते विचारा. नाला खोलीकरण झालं, सिमेंट बंधारे झाले, डोंगराला सलग समतल चर मारले, एका उन्हाळ्यात तर पोरांनी रोज पहाटे पाचला जाऊन श्रमदान केलं, पेपरात फोटो आले. शेततळी तर मोजायची सोय नाही, वरून गुगल मॅप बघितला की निळे-काळे चौकोनच चौकोन.

पाऊस यंदा वाईट नव्हता, ६०० मिलीमीटरच्या आसपास झाला. तरी आत्ता फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीनं तळ दाखवला आणि ग्रामपंचायतीनं टँकरचा प्रस्ताव पाठवला. पावसाळ्यात तुडुंब, दिवाळीला भरलेली आणि होळीला कोरडी, हे गणित मला कळत नाही.

दुसरा प्रश्न घरचा आहे. दोन एकर मोसंबी आहे, सात वर्षांची झाडं. विहीर साठेक फूट खोल, तिच्यात आता सकाळी मोटर चालू केली की पंचवीस मिनिटात फेस येतो. दोन बोअर फेल गेलेत, एक ३५० ला आणि एक ५०० ला. मोठा भाऊ म्हणतो ८०० मारू, शेजाऱ्याला ७४० ला लागलं. पाणाड्या येऊन हातावर नारळ उभा करून गेलाय, एजंटनं तमिळनाडूची बोअर मारायची गाडी आठ दिवसात लावतो म्हणून सांगितलंय. मी म्हणतो थांब. पण थांबून झाडं जळताना बघायची का, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. कुणी सांगेल का नेमकं काय चाललंय जमिनीखाली?

---

ऊसवाला_दादा

बोअर मारा. बाकी सगळी भाषणं आहेत. झाड मेलं की सात वर्ष गेली, पाणी पुन्हा येतं पण झाड येत नाही.

आणि आता इथं कुणीतरी येऊन उसाला शिव्या घालणार, त्याआधी सांगून ठेवतो की शेतकऱ्याला कुणी हौस नाही. सोयाबीनचा हमीभाव ४८९२ जाहीर झाला त्या वर्षी बाजारात चार हजाराच्या आसपास विकलं मी. कापसाला बोंडअळी, तुरीला कधी भाव कधी नाही. ऊस एकच पीक असं की लावला की कारखाना नेतो आणि एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा दर) मिळते, उशिरा का होईना मिळते. गारपीट झाली तरी उभा राहतो. पोरीचं लग्न तुरीच्या भरवशावर कुणी ठरवतं का ते सांगा.

---

जुना_भूजलवाला

माळरान, मी पंचवीस वर्ष विहिरींची मापं घेत फिरलोय, आता घरी असतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी खालचं सांगतो. आपल्याकडचा दगड म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक, पोळ्यांची चवड असते ना तसे. वरचा मुरूम आणि त्याखालचा झिजलेला फुटका दगड, साधारण साठ-ऐंशी फुटापर्यंत, हीच आपली खरी टाकी. त्याच्या खाली घट्ट काळा पाषाण, त्यात पाणी मावत नाही, असलंच तर दोन पोळ्यांच्या मधल्या सांध्यात किंवा एखाद्या भेगेत. पंजाब किंवा उत्तर प्रदेशात खाली शेकडो फूट गाळ-वाळू आहे, तिथं खोल गेलं की जास्त पाणी मिळतं. आपल्याकडे खोल गेलं की फक्त जास्त खोली मिळते. शेजाऱ्याला ७४० ला लागलं म्हणजे त्याला एक भेग सापडली. ती भेग तुमच्या रानाखालून जाते की नाही हे नारळालाही माहीत नाही आणि एजंटलाही नाही. आणि लागली तरी त्या भेगेत पाणी भरायला किती वर्ष लागली आणि तुम्ही ते किती महिन्यात उपसणार हा प्रश्न राहतोच.

आता एक गोष्ट करून बघा. तुमचं ५०० फुटाचं फेल बोअर आहे ना, पुढच्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री शांत असताना त्याच्या तोंडाला कान लावा. बऱ्याच बोअरमध्ये आत पाणी पडल्याचा आवाज येतो, टप टप नाही, चक्क धार. ते पाणी कुठलं? वरच्या मुरमातलं. केसिंग, म्हणजे भोकातला पाईप, फक्त वीस-तीस फूट टाकलेलं असतं, त्याखाली भोक उघडं, मग विहिरीच्या थरातलं पाणी त्या भोकातून खाली निसटतं. म्हणजे फेल गेलेलं बोअरसुद्धा गप्प बसलेलं नसतं, ते तुमच्याच विहिरीला खालून भोक पाडून बसलेलं असतं. गावात अशी दोन-तीनशे भोकं असतील तर दिवाळीची विहीर होळीपर्यंत कशी टिकणार.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे २०० फुटांपेक्षा खोल जायला बंदी आहे, आणि सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको हे तर १९९३ च्या कायद्यापासून आहे. तुमच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून ५०० मीटरात किती बोअर आहेत ते एकदा चालत जाऊन मोजा. मी एका गावात मोजली होती, एक्केचाळीस.

---

माळरान

काका आत्ताच मोजून आलो. पाणीपुरवठ्याच्या विहिरीभोवती मला दिसली ती तेवीस. त्यातलं एक सरपंचांच्या चुलत्याचं.

पण मग ती जलसंधारणाची कामं वाया गेली का? पहाटे पाचला उठलो होतो हो आम्ही.

---

जुना_भूजलवाला

वाया नाही गेली. डोंगरावरच्या चरांनी आणि बांधबंदिस्तीनं माती थांबली, पाणी मुरलं, ते काम सोन्यासारखं. नाला खोलीकरणाचं मात्र बघावं लागेल. मुरूम संपून काळा दगड लागेपर्यंत पोकलेननं खणलं असेल तर तुम्ही पाणी मुरवलं नाही, उलट बाजूच्या मुरमातलं पाणी नाल्यात उतरवलं. धुळे जिल्ह्यात शिरपूरकडे काही भागात गाळाचा जाड थर आहे, तिथं नाला खोलीकरण चाललं, त्याची नक्कल कठीण दगडात केली की नुसता खड्डा होतो, फोटो छान येतो.

आणि शेततळी. शेततळ्याची मूळ कल्पना अशी की वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवून ठेवायचं. तुमच्या गावातली किती शेततळी पावसाच्या पाण्यानं भरतात? खरं सांगा. प्लॅस्टिक अंथरायचं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विहिरी भरलेल्या असताना तीन मोटरी लावून त्यातून भरून घ्यायचं, आणि उन्हाळ्यात ते आपल्या एकट्याचं. जमिनीखाली होतं तेव्हा सगळ्या गावाचं होतं, वर काढून प्लॅस्टिकवर ठेवलं की मालकीचं झालं. वर ठेवलं म्हणून उन्हानं उडतंही, मार्च-एप्रिल-मेमध्ये रोज आठ-दहा मिलीमीटर, म्हणजे महिन्याला जवळपास फूटभर पाणी कुणालाच न मिळता हवेत.

तुमच्या गावचा हिशोब मांडतो, ढोबळ आहे. हजार हेक्टरवर ६०० मिलीमीटर म्हणजे ६०० कोटी लिटर. आपल्या दगडात त्यातलं साधारण दहा टक्के मुरतं धरा, ६० कोटी लिटर. ही वर्षाची कमाई. दोन हजार माणसं, माणशी रोज ५५ लिटर, वर्षाचे ४ कोटी लिटर. हजारभर जनावरं धरली तर आणखी २ कोटी. म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा काढून ठेवला की टँकर लागायचं कारणच नाही. उरलेलं कुठं जातं ते बघा. गावात ऊस किती आणि मोसंबी किती?

---

माळरान

ऊस ९० एकर असेल. मोसंबी शंभर एकर तरी.

---

जुना_भूजलवाला

९० एकर म्हणजे ३६ हेक्टर. पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी २ कोटी लिटर लागतं, पावसाचं वजा करून वरून दीड कोटी धरू, झाले ५४ कोटी. मोसंबी ४० हेक्टर, ठिबकवर सुद्धा हेक्टरी ७० लाख लिटर धरलं तर २८ कोटी. ८२ झाले, गहू-हरभरा-कांदा अजून मोजलाच नाही, आणि नाल्या-ओढ्यानं आपोआप वाहून जाणारंही नाही. कमाई ६०, खर्च ८२ च्या वर. तुम्ही सात वर्ष कमाई वाढवायला राबला, खर्चाची वही कुणी उघडली नाही. चर मारून दहाचे बारा टक्के मुरले तरी ६० चे ७२ होतील, तेवढ्यात वीस एकर ऊस नवीन लागलेला असतो.

---

ऊसवाला_दादा

काका आकडे बरोबर असतील पण मी ठिबक केलंय. अनुदानावर नाही, स्वतःच्या पैशानं केलंय. पाणी निम्मं लागतं.

---

जुना_भूजलवाला

चांगलंय दादा. आणि ठिबक केल्यावर ऊस किती एकर झाला?

---

ऊसवाला_दादा

तीनाचा पाच.

(मुद्दा कळला. तरीपण मोटारीचं बिल सरकारनं २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत माफ केलंय, मीटर नाही, मोजणारा नाही, रात्री लाईट आली की ऑटोस्विचवर मोटर आपली चालू होते आणि माणूस झोपलेला असतो. मी एकट्यानं मोटर बंद ठेवली तर शेजाऱ्याची चालूच राहणार ना. माझं पाणी त्याच्या बोअरला जाणार. मग मी शहाणा की येडा?)

---

लातूरकरीण

ऊसवाला दादांनी कंसात लिहिलंय तेच खरं दुखणं आहे, कंसात टाकू नका.

मी लातूरची, २०१६ मध्ये बारावीत होते. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होतील म्हणून मार्चमध्ये १४४ कलम लावलं होतं, म्हणजे पाण्याला जमावबंदी. आमच्या घरात आंघोळीचं पाणी परातीत धरून त्याच पाण्यानं फरशी पुसायची आणि तेच शेवटी संडासात. आई ताटं राखेनं घासून फडक्यानं पुसायची, पाण्यानं धुवायची नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर, स्टेशनवर लोक बघायला गेले होते, आम्हीपण गेलो होतो. नंतर ५० वाघिणींची यायला लागली, २५ लाख लिटर.

काकांचा आकडा वाचून मी कॅल्क्युलेटर घेतला. हेक्टरी दीड कोटी म्हणजे एकरी ६० लाख. म्हणजे एका एकर उसाला त्या ५० वाघिणींच्या गाडीच्या अडीच खेपा. अख्ख्या देशानं टीव्हीवर बघितलेली गाडी. आणि त्याच जिल्ह्यात, त्याच खोऱ्यात तेव्हाही कारखाने होते आणि ऊस होता. कृषी मूल्य आयोगाच्याच अहवालात होतं की राज्यात उसाचं क्षेत्र चार टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाचं पाणी जवळपास ७० टक्के. शेतकऱ्याला दोष देत नाही मी, धोरण कुणी ठरवलं ते सगळ्यांना माहितीये, कारखाने कुणाचे आहेत तेही.

शहरवाले साळसूद नाहीत हेपण सांगते. आता पुण्यात राहते, सोसायटीत महिन्याला टँकरचं बिल येतं ते बघून चक्कर येते, आणि तो टँकर कुठल्या गावच्या विहिरीवर भरतो हे कुणी विचारत नाही. सांडपाणी तसंच नदीत. नागपूरला शहराचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला देतात, तेवढं स्वच्छ पाणी वाचतं, मग बाकीच्यांना काय अडचण आहे कळत नाही.

---

पाटकरी

मी धुळ्याकडचा. आमच्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत होती, काही बंधाऱ्यांवर अजून तग धरून आहे, तीनेकशे वर्षांची. बंधाऱ्याखालची जमीन फडांमध्ये वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, कुठल्या फडाला यंदा बारमाही पाणी आणि कुठला कोरडा ठेवायचा हे बंधाऱ्यात पाणी किती त्यावर गावानं ठरवायचं. पाणी सोडणारा पाटकरी, शेतकऱ्यानं स्वतः दारं धरायचं नाही. माझे पणजोबा पाटकरी होते म्हणून हे नाव घेतलंय. पाटील असला तरी पाटकऱ्याच्या पाळीनंच पाणी. सांगायचा मुद्दा, पाणी वाटून घेणं आपल्याला परकं नाहीये. बोअर आलं आणि ज्याचं भोक त्याचं पाणी झालं.

पुरंदरला नायगावात विलासराव साळुंखे यांनी ७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तिथला नियम तर अजून भारी. पाणी जमिनीच्या हिशोबानं नाही, माणसांच्या हिशोबानं. माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. वीस एकरवाला आणि एक एकरवाला एका रांगेत. ह्या एका नियमावरून गावात किती भांडणं झाली असतील त्याचा विचार करा.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला मी जाऊन आलोय. ३५०-४०० मिलीमीटर पाऊस, तुमच्यापेक्षा कमी. शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद. पावसाळा संपला की विहिरी मोजून ग्रामसभेत ताळेबंद मांडतात, आधी पिण्याचं बाजूला काढतात, मग जनावरांचं, मग उरलं त्यात रब्बी किती करायची ते. पाऊस कमी पडला त्या वर्षी रब्बी कापतात.

---

ऊसवाला_दादा

तिथं सरपंच पोपटराव पवार होते. आमच्या गावात सरपंचांचा चुलता आहे. 😄

(माळरानच्या गावातला तो चुलता मी नाही, कुणी विचारायच्या आत सांगतो.)

---

जुना_भूजलवाला

दादा हे अगदी खरं आहे आणि म्हणूनच मी कुठल्या गावाला हिवरे बाजार व्हा म्हणून सांगत नाही. तिथं १९९० पासूनचं काम आहे. अटल भूजल योजना २०१९ च्या डिसेंबरमध्ये आली, सात राज्यात, त्यात आपलंही, ६ हजार कोटींची, तिच्यात गावानं पाण्याचा ताळेबंद करायचाच होता. कितीतरी ठिकाणी तो ताळेबंद भिंतीवर रंगवलाय, पीक मात्र भिंत बघून कुणी लावलं नाही.

माळरान, तुमच्यापुरतं सांगतो. ८०० नका मारू. त्या पैशात आधी विहिरीतला गाळ काढा. फेल गेलेली दोन्ही बोअर बंद करून घ्या, वरून चार दगड टाकून नाही, विहिरीच्या थराखाली चिकणमाती आणि सिमेंटनं पक्की. लहान पोरं पडायची भीतीही जाते. मोसंबीला झाडांच्या आळ्यात उसाचं पाचट नाहीतर गव्हाचं काड अर्धा फूट अंथरा, ठिबक त्याच्या खाली घ्या आणि पाणी रात्री सोडा. फळ यंदा झाडावर धरू नका, बहार सोडून द्या, फांद्या हलक्या छाटा. झाड जगवायला लागणारं पाणी आणि फळ पोसायला लागणारं पाणी ह्यात बराच फरक असतो. नुकसान होईल. बोअर फेल गेल्याच्या नुकसानीपेक्षा कमी होईल.

आणि गावासाठी एकच करा, मोजायला लागा. वीस विहिरी निवडा, काठावर ऑइल पेंटनं खूण करा, दर महिन्याच्या एक तारखेला दोरीला दगड बांधून पाणी किती खाली आहे ते वहीत लिहा. पाटीवर नको, वहीत.

---

माळरान

अपडेट द्यायला उशीर झाला, क्षमस्व. ग्रामसभा झाली परवा. मी ५०० मीटरचा विषय काढला तर अर्धी सभा उठून गेली, म्हणजे चहाला गेली आणि परत आली नाही. उसावर बंदी तर तोंडातून काढायची सोयच नव्हती, एकजण म्हणाला आधी तुझी मोसंबी काढ. तोही खोटं बोलला नाही.

पण टँकरची रांग बघून बायका बसून राहिल्या होत्या, उठल्या नाहीत. बचत गटाच्या अध्यक्ष आहेत त्यांनी विचारलं की गावातल्या माणसांना ४ कोटी लिटर लागतं आणि खाली ६० होतं तर आमचे ४ कुणी नेले. ह्याला उत्तर कुणाकडे नव्हतं. शेवटी दोन गोष्टी ठरल्या, शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवायचा आणि पंधरा विहिरींचं माप घ्यायचं. पुढच्या पावसाळ्यानंतर पाणीपुरवठ्याच्या विहिरीजवळच्या तेवीस मोटरी जानेवारीपासून बंद ठेवायच्या का ह्यावर 'विचार करायचं' ठरलं. विचार करायचं ठरलं म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये.

घरचं: बहार सोडला. पाचट शेजारच्या उसातलंच आणलं, फुकट. भाऊ चार दिवस बोलला नाही, काल येऊन स्वतः आळ्यात पाचट पसरत होता. एजंटचा रोज फोन येतोय.

काका एक विचारायचं राहिलं. जुनं ५०० चं बोअर बंद करायला मिस्त्री तयार आहे पण विहिरीचा थर नेमका किती फुटाला संपतो ते कसं ओळखायचं? रिगवाल्यानं तेव्हा काही लिहून दिलं नव्हतं.

---

जुना_भूजलवाला

तुमच्या विहिरीच्या भिंती बघा, आता कोरडी आहे तर उतरून बघा, दोन माणसं वर ठेवून. मुरूम कुठं संपतो, फुटका दगड कुठं संपतो आणि टिकाव न लागणारा काळा कुठून सुरू होतो ते डोळ्यांनी दिसतं. बोअर विहिरीपासून शंभर-दोनशे फुटात असेल तर थोडंफार तेच माप. त्याच्या खाली दहा-पंधरा फूट जाऊन मग सील करा. फोटो टाका.

---

ऊसवाला_दादा

मीपण माझ्या विहिरीवर खूण केली रंगानं. एक तारखेला २९ फूट, आज बघितलं ३३. अजून मार्च लागलाय नुसता. खोडवा (तोडलेल्या उसाचं पुन्हा फुटलेलं पीक) ठेवायचा का काढायचा ते बघतोय, तीन एकराचा तरी काढीन म्हणतो. कारखान्याला सांगू नका 😄

---

माळरान

उतरलो. ५८ फुटाला काळा लागला. ओल ४४ पर्यंत होती, त्याखाली भिंतीला एक आडवी भेग आहे, तिच्यातून करंगळीएवढी धार येतेय अजून. फोटो अंधारात नीट आला नाही, उद्या बॅटरी घेऊन परत उतरतो.